सतरा तासांचा दिवस

बदनापूर
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय चंचल,

शाळेच्या मागची ती चुन्याची भिंत तुला आठवते का? नववीत असताना डिसेंबरमधला ज्यादा तास साडेपाचला सुटायचा आणि सूर्य पावणेसहाला मावळायचा. मधल्या पंधरा मिनिटांत तुला डबा संपवायचा असे, कारण तुमच्या घरी सूर्य मावळल्यावर कोणी घासही घेत नसे. तू भिंतीला टेकून भराभर जेवायचीस आणि मी भिंतीवर चढून पश्चिमेकडे बघत उभी राहायचे.

"शालू, आहे का गं?"

"आहे. चिमूटभर आहे."

"नीट बघ."

"बघितलं गं बाई, तू गिळ."

लांबून सिस्टर एमिलिया ओरडायच्या, "गर्ल्स, गेट डाउन!" खाली तर तू होतीसच. वर मी एकटी, पण त्या नेहमी 'गर्ल्स' म्हणायच्या. आपल्या दोघींना वेगळं मोजायची कोणाला सवयच नव्हती.

सहा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. दरवर्षी पर्युषण संपलं की तुझं क्षमापनेचं कार्ड येतं. छापील मजकूर, 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्', आणि खाली तुझी सही. हे गेले त्या वर्षीही तेच कार्ड आलं होतं. मी दार उघडं ठेवून बसले होते, चंचल. तेराव्यापर्यंत मला वाटत होतं की तू येशील. तू आली नाहीस, कार्ड आलं. त्यानंतर मी उत्तर दिलं नाही.

आज लिहायचं कारण तुझ्या भाभी, लाडबाई. परवा जालन्याला बँकेत भेटल्या. म्हणाल्या, "चंचलबाईंची एक किडनी काढली न्हाई का मागच्या साली! तुमाला मालूमच न्हाई?" मी तिथेच बाकावर बसले. माझा टोकन नंबर पुकारून गेला तरी मला कळलं नाही.

सहा वर्षांचा राग होता, तो त्या बाकावर कुठे गेला कोण जाणे. एकदा ये. बाकीचं भेटल्यावर भांडू.

तुझी,
शालू

* * *

सिडनी
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय शालू,

पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते दोन तास उघडलंच नाही. टेबलावर ठेवलं आणि येता-जाता बघत राहिले. सून म्हणाली, "मम्मी, उघडा तरी." शिखा चांगली मुलगी आहे. मी रडले तर ती बाजूला कपड्यांच्या घड्या घालत बसते, काही विचारत नाही.

किडनी काढली हे खरं. उरलेलीत खडे होतात. इथली डॉक्टरीणबाई दर वेळी तेच सांगते, पाणी प्या, तासातासाला प्या, रात्री उठूनही प्या. दिवसाचं मी पाळते. रात्रीचं ऐकून मान हलवते. चौविहार सोडायला सांगणारी ती कोण? एकविसाव्या वर्षी घेतलेलं व्रत आहे. सूर्यास्तापासून दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही, हे तुला मी काय सांगायचं.

येण्याचं म्हणशील तर ते आता होणार नाही. पायांना सूज असते. अंकितला सुट्टी मिळत नाही. आणि दहा हजार किलोमीटर, शालू! ते काही भोकरदनच्या बाजाराला जाणं नाही.

सोमेश्वरभावजींच्या वेळी मी यायला हवं होतं. यावर मी काही लिहू शकत नाही. रागव, पण पत्र लिहीत जा.

इथे आता जांभळ्या फुलांची झाडं फुलायला लागली आहेत. खाली सगळा रस्ता जांभळा होतो. मी खिडकीत बसते, आणि मधेच वाटतं की या रस्त्याच्या टोकाला गेलं की जालन्याचा धान्याचा मोंढा लागेल, आमच्या दुकानाची पाटी दिसेल, भाऊ गल्ल्यावर बसलेले असतील. मग बस येते आणि मोंढा जातो.

तुझी,
चंचल

* * *

बदनापूर
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय चंचल,

तू मला दहा हजार किलोमीटर सांगतेस! एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी. तुझा आकडा मी तसाच मान्य करीन असं वाटलं का?

शाळेनं मोडीत काढलेला पृथ्वीगोल माझ्याकडे आहे. आफ्रिकेवर पोचा आलाय, पण आपल्या दोघींच्या बाजूला तो ठीक आहे. सिस्टर एमिलियांनी शिकवलं होतं तसं, मी दोऱ्याचं एक टोक चिकलठाण्याच्या विमानतळावर धरलं आणि दुसरं सिडनीवर. माझ्या भावाची नात तृप्ती कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. ती म्हणाली, "आजी, दोरा घेऊन काय करून राह्यल्या? मोबाईलवर एका सेकंदात येतं की." मी म्हटलं, मोबाईलवर आकडा येतो, मला वाट बघायची आहे.

दोरा बंगालच्या उपसागरावरून, सुमात्रा-जावावरून वाकत गेला. मग तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळला. चार वेळा बसला, चंचल! तुझ्या-माझ्यामध्ये पृथ्वीचा बरोबर पाव भाग आहे. तृप्तीच्या मोबाईलनंही नऊ हजार नऊशे नव्वदच्या वरचाच आकडा दाखवला.

याचा अर्थ तुला माहीत आहे का? वीस मेच्या सुमाराला आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, सूर्य थेट डोक्यावर येतो. नेमक्या त्या मिनिटाला तुझ्या खिडकीत सूर्यास्त होत असतो. गेली कितीतरी वर्षं त्या दिवशी मी मुलांना अंगणात उभं करून सावली शोधायला लावली. त्याच क्षणी तू तिकडे पाण्याचा शेवटचा घोट घेत होतीस, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पण हे अंतर झालं. प्रवास वेगळा. सरळ विमान चिकलठाण्याला येत नाही, दिल्लीवरून यावं लागतं. सिडनी ते दिल्ली पावणेतेरा तास, पुढे दोन तास. माझ्या आजीला पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला बैलगाडीनं दीड दिवस लागायचा आणि ती म्हातारपणीही यायची. पायांना सूज असेल तर चाकाची खुर्ची मिळते. अंकितला सुट्टी नसेल तर एकटी ये.

तेव्हा अंतर सांगू नकोस. तुला यायचं नाही असं तरी लिही. तिथे सगळं छान आहे, इथे आता कोण आहे, असं लिही. मी वाचीन. खोटं वाचून मला जास्त दुखतं.

शालू

* * *

सिडनी
२ डिसेंबर २०२४

प्रिय शालू,

तुझं पत्र पंधरा दिवस उशीखाली होतं. आता लिहिते. हे अंकितला माहीत नाही, भाऊ-भाभींना नाही. वाचून फाडून टाक.

अकरा वर्षांपूर्वी मी इकडे आले तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबर महिना होता. दिल्लीहून विमान दुपारी एकला सुटलं. अंकितच्या पप्पांचं घड्याळ माझ्या हातावर होतं, जालन्याची वेळ लावलेलं. मनात पक्कं होतं की पावणेसहाच्या आधी जेवायचं, पाणी प्यायचं, आणि मग पच्चक्खाणाचा संकल्प घेऊन सकाळपर्यंत तोंड बंद. मी एकटी, पहिल्यांदा विमानात. खिडकीची झडप बाजूच्या बाईंनी खाली ओढलेली होती. दिवे मंद केलेले. मी घड्याळाकडे बघत होते.

सव्वापाचला मी थेपले खाल्ले. पाणी मागितलं, पूर्ण ग्लास प्यायले. अजून अर्धा तास आहे म्हणून आणखी एक ग्लास प्यायले. तेवढ्यात त्या बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी झडप वर केली.

बाहेर रात्र होती, शालू. काळीकुट्ट. एक चांदणी पंखाच्या टोकावर.

मी त्यांना विचारलं, सूर्य कधी गेला? त्या म्हणाल्या, बराच वेळ झाला, पाऊण तास तरी. मी हातातल्या ग्लासाकडे बघितलं. त्यात दोन घोट उरले होते. ते मी कुठे ठेवू, हेच मला सुचेना.

चौतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. बाळंतपणात नाही, अंकितचे पप्पा गेले त्या संध्याकाळीही नाही. आणि चुकलं ते हातावर घड्याळ असताना. विमान सूर्याच्या उलट दिशेनं पळतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू भूगोलात पहिली यायचीस, मी तुझ्या वहीतून उतरवायचे.

मग स्वतःला शिक्षा म्हणून ठरवलं की जालन्यात सूर्य उगवेपर्यंत पाणी घ्यायचं नाही. सिडनीत सकाळी सातला उतरले. इथे ऊन, आणि माझ्या घड्याळात रात्रीचा दीड. रांगा, सामान, गाडी. दुपारी बाराच्या सुमाराला अंकितच्या इमारतीच्या जिन्यात पडले. त्याला वाटलं प्रवासाचा शीण. अजून तसंच वाटतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हात जोडते तेव्हा तो ग्लास समोर येतो. याची आलोचना करायची, म्हणजे साध्वींसमोर, महासतीजींसमोर बसून चूक आपल्या तोंडानं सांगायची आणि त्या देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. आमच्यात तोच मार्ग आहे. साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, त्या इथे येणार नाहीत. मीच जायला हवं. आणि जायचं तर पुन्हा विमान. पुन्हा ती रात्र. आता तर एकच किडनी आहे, विमानाच्या कोरड्या हवेत बारा तास पाण्याशिवाय राहिले तर डॉक्टरीणबाई म्हणतात की उतरताना स्ट्रेचर लागेल. अंकित म्हणतो, "मम्मी, विमानात दोन घोट घेतले तर काय आभाळ कोसळतं?"

सोमेश्वरभावजी गेले तेव्हा अंकितनं तिकीट काढलं होतं. रात्रीचं विमान. दोन दिवस मी बॅग भरून बसले, आणि तिसऱ्या दिवशी रद्द करायला सांगितलं. तुला कळवताना हात चालला नाही. छापील कार्ड पाठवलं. त्यात जाणता-अजाणता लिहिलेलं असतं. त्यातलं 'जाणता' मी तुझ्यासाठी वाचत होते.

आता तुला यायचं नाही असं लिहू का, सांग.

चंचल

* * *

बदनापूर
२८ डिसेंबर २०२४

चंचल,

पत्र फाडलं नाही. चुलीत घातलं. त्याआधी तीनदा वाचलं. तेराव्याच्या दिवशी मी तुझ्याबद्दल काय काय बोलले होते ते आठवत बसले, आणि चहा उतू गेला.

मग एक गोष्ट घडली, ती तुला सांगितलीच पाहिजे. गेल्या मंगळवारी चार साध्वी जालन्याहून पायी आमच्या गावात मुक्कामाला आल्या. वीस किलोमीटर, अनवाणी, थंडीत. मी त्यांच्या दर्शनाला गेले. हे गेल्यावरही एवढं मोठं कुंकू लावणारी मराठ्याची बाई आत शिरलेली बघून दोन बायकांनी माझ्यासाठी जागा केली, त्यांना वाटलं मी कोणाला तरी शोधते आहे. सगळ्यांत थोरल्या महासतीजींना मी विचारलं. तुझं नाव घेतलं नाही, एक मैत्रीण म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी हसल्या. म्हणाल्या, "सिडनी कितने दिन का विहार है?" मी म्हटलं, मधे समुद्र आहे, पायी होत नाही. "फिर तो हमारे बस का नहीं." मग गंभीर झाल्या. त्यांचं म्हणणं असं की देह जिथे असेल तिथला सूर्य धरायचा, घरचा नाही. विमानात असाल तर खिडकीत दिसतो तो. एकीच्या चुकीची आलोचना दुसरीच्या तोंडून ऐकून उपयोग नाही, तिनं स्वतः यावं. "और बहनजी, उससे कहना, ग्यारह साल से जो पी रही है, वो उस गिलास से भारी है." त्या परत जाऊन उन्हाळाभर जालन्यातच असणार आहेत.

घरी आले आणि गोल काढला. जाताना तू सूर्याच्या समोरून गेलीस, म्हणून तुझा दिवस चोरला गेला. येताना तू त्याच्या मागोमाग येशील, चंचल! विमान पश्चिमेला पळतं, सूर्यही पश्चिमेलाच. तो तुला लवकर सोडून जाऊ शकत नाही.

तृप्तीकडून वेळापत्रक बघून घेतलं. सिडनीहून सकाळी दहाला सुटणारं एक विमान आहे. पावणेतेरा तासांनी ते दिल्लीत उतरतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच. आता नीट ऐक. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत सूर्य साडेपाचला जातो, ते फार काठावर झालं. पण मार्चच्या मध्याला तो साडेसहाला जातो. एप्रिल लागला की तुमची घड्याळं एक तास मागे जातात, सगळा हिशोब हलतो. म्हणून मार्च. त्या दिवशी तुझ्या खिडकीत सूर्य सातला उगवेल, आणि तू दिल्लीत त्याला मावळताना बघशील. मधे सतरा तास. सतरा तासांचा दिवस, चंचल, आणि त्यात एकही मिनिट अंधार नाही. तासातासाला पाणी पी. डॉक्टरीणबाईंना कळव.

रात्री दिल्लीतच विमानतळाजवळ झोप. सकाळी पाणी पिऊन चिकलठाण्याचं विमान धर. तिथे मी असेन.

खिडकी डावीकडची माग. सकाळी ऊन उजवीकडून येईल, मधे डोक्यावर जाईल, पण शेवटचे चार तास सूर्य डावीकडे असेल आणि तेच तास आपल्याला हवेत. आणि घड्याळ घालू नकोस.

शालू

* * *

सिडनी
२५ जानेवारी २०२५

प्रिय शालू,

तिकीट निघालं. पंधरा मार्च, शनिवार. डावीकडची खिडकी. अंकितनं तुझं पत्र वाचलं, हो, मी त्याला सगळं सांगितलं. ग्लासाचंही. मग तो एक कागद घेऊन बसला, तुझे आकडे तपासायला. इंजिनिअर आहे ना. तासाभरानं उठून म्हणाला, "शालूमावशी बराबर आहेत. बिलकुल बराबर." मग मला म्हणाला, "मम्मी, जिन्यात पडलीस तेव्हा तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, तू नवीन पडदे लावले होतेस, किती खूश होतास.

परतीचं तिकीट मे महिन्यात काढू म्हणतो. मी म्हटलं बघू.

भाऊंचा फोन होता. ओरडून बोलतात, ऐकू कमी येतं ना. "चंचल, तू आ जल्दी, मंग बघू परतीचं!" भाभी मागून म्हणत होत्या, त्यांना खोली रंगवायची आहे, रंग कोणता? मी म्हटलं पांढरा.

रात्री झोप येत नाही. डोळे मिटले की विमान दिसतं, आणि पुढे सूर्य, संथ, शेजाऱ्यासारखा चालणारा.

चंचल

* * *

बदनापूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय चंचल,

पोस्टानं हे वेळेवर पोहोचणार नाही, म्हणून तृप्ती कागदाचा फोटो काढून अंकितच्या मोबाईलवर पाठवते आहे. अंकितनं वाचलं तरी चालेल. खरं तर त्यानं वाचावंच.

मी तुला येण्याचा हिशोब दिला. जाण्याचा दिला नाही. विसरले असं समजू नकोस. डिसेंबरमध्ये त्याच बैठकीत मी दोन्ही केले होते. परतीचं विमान दिल्लीहून दुपारी निघतं, आणि तीन-साडेतीन तासांत रात्रीत शिरतं. पुढचे नऊ तास अंधार. महिना कोणताही घे, फरक पंधरा-वीस मिनिटांचा पडतो. मधे उतरून मुक्काम करत गेलं तरी तृप्तीला मिळालेल्या विमानांत कुठे ना कुठे रात्र हवेतच गाठते. मी सिंगापूरवरून बघितलं, बँकॉकवरून बघितलं. सूर्य धरून तू येऊ शकतेस. सूर्य धरून जाण्याची वाट मला सापडली नाही.

हा कागद मी वहीत ठेवून दिला. मनात म्हटलं, आधी येऊ तर दे. एकदा आली की मग कळेल. तिचा मुलगा तिकडे, नातवंडं उद्या होतील ती तिकडे, आणि मी तिला एकाच बाजूनं उघडणाऱ्या दारातून आत ओढते आहे, हे मला दिसत होतं. तरी गप्प बसले. दोन महिने मी तुझ्यासाठी खोलीत उशा मांडत होते आणि गप्प होते.

आणखी एक. त्या भिंतीवरून मी "आहे" म्हणायचे, ते सगळ्या वेळी खरं नव्हतं. दोनदा तरी सूर्य गेलेला होता. तू भुकेली होतीस, सकाळपासून काही खाल्लं नव्हतंस, मी "आहे" म्हणाले. तेव्हा तुझं चौतीस वर्षांचं व्रत पहिल्या दिवसापासून शुद्ध होतं की नाही याचा विचार करायचा असेल तर त्यात माझं नाव घाल. व्रत तू नंतर घेतलंस हे खरं, पण मला ते तुला सांगायचं होतं.

आता तुला सगळं माहीत आहे. तिकीट रद्द करायला अजून तीन आठवडे आहेत. तू आली नाहीस तर या वेळी मी रागावणार नाही. आमच्यात क्षमा मागायला ठरलेला दिवस नसतो, म्हणून आजच मागते.

शालू

* * *

विमानातून
१५ मार्च २०२५

प्रिय शालू,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, म्हणून तू गेले तीन आठवडे काय काय समजली असशील ते मला माहीत आहे. अंकितनं तृप्तीला फक्त एवढंच कळवलं ना, की मम्मी निघाली? मीच तसं सांगितलं होतं. बाकीचं मला हातानं लिहायचं होतं.

परतीची वाट नाही, हे मला तू सांगायच्या आधीपासून माहीत होतं. वेडे, त्या वाटेनंच तर मी गेले होते! तुझं डिसेंबरचं पत्र वाचताना शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघितली की ही आता जाण्याचं लिहील. तू खिडकीचं लिहिलंस, घड्याळाचं लिहिलंस, आणि सही केलीस. मला एवढं बरं वाटलं की मी शिखाला खीर करायला सांगितली. म्हणून तर अंकितला "बघू" म्हणाले.

विमान पाऊण तास उशिरा सुटलं. तू सोडलेल्या सव्वा तासातला पाऊण तिथेच गेला. मग सुटलं. ऊन उजवीकडून आलं, तू म्हणालीस तसंच.

बाजूला एक सरदारजी आहेत, माझ्याच वयाचे. जेवण झाल्यावर सगळ्यांनी झडपा ओढल्या, दिवे घालवले. हवाई सुंदरी मला म्हणाली, मॅडम, बंद करा, लोक झोपलेत. मी म्हटलं, बेटा, मी बंद केलं तर मला पाणी पिता येणार नाही. ती गोंधळली. सरदारजींनी सगळं विचारून घेतलं, मग स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि तिला म्हणाले, "रहने दो जी, इनका सूरज चालू है." तेव्हापासून मधेमधे रुमालाखालून विचारतात, "बहनजी, सूरज है?" "है जी." "फिर पानी पी लो." आणि पुन्हा घोरायला लागतात.

शालू, हा दिवस संपतच नाही. खाली ढगांचं मैदान आहे, आपल्या काळ्या रानात कापूस फुटतो तसं. त्यावर विमानाची सावली पडलेली बघितली, भोवती इंद्रधनुष्याचं कडं. ती सावली आमच्याबरोबर पळत होती, आवाज न करता. मला मधे डुलकी लागली. आई मला वेणी घालत होती, दुकानातून गुळाचा वास येत होता, आणि आई म्हणत होती की आज जेवायला वेळ आहे, सावकाश ये. जागी झाले तर ऊन मांडीवर. किती वाजले ते कळेना. हातावर घड्याळ नाही. पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

अकरा ग्लास झाले. मी मोजले.

आता समोरच्या पडद्यावर दिल्लीची साडेपाचची वेळ दाखवतायत, अर्धा तास राहिला. शेवटचा ग्लास आत्ताच घेतला. सूर्य डावीकडे आहे, दोन बोटं वर, तांबडा नाही झाला अजून. पच्चक्खाण घेतलं. उद्या सकाळपर्यंत आता काही नाही, आणि तहानही नाही.

तुझा कागद वाचूनही अंकित मेचं तिकीट बघतोय; मी परत येणार नाही हे त्याला विमानतळावर सांगायचं धाडस झालं नाही. तो माझ्या स्वेटरची बटणं लावत होता. शिखाला रात्री स्वयंपाकघरात सांगितलं. तिनं हातातली कणीक ठेवली, हात धुतले, आणि माझ्या पाया पडली. म्हणाली, "मम्मी, यांना मी सांगते हळूहळू. आम्ही येऊ दर वर्षी. आम्हाला कुठे सूर्य लागतो." मी उद्या जालन्याला पोहोचल्यावर त्याच्याशी फोनवर बोलेन.

उद्या चिकलठाण्याला आपण दोघी रडत बसू आणि पिशव्यांचा घोळ होईल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. हा कागद उतरल्याबरोबर तुझ्या हातात देईन.

निळ्या पिशवीत भाऊंच्या कानयंत्राच्या बॅटऱ्या आहेत, चोवीस. त्यांच्याच हातात दे, भाभींकडे दिल्या तर त्या जपून ठेवतील. भाभींसाठी लोकरीची शाल, तपकिरी. पांढरीही एक आहे, ती त्यांना दाखवू नकोस, ती माझी. तृप्तीला रंगीत पेन्सिलींची मोठी पेटी; तिला सांग की चित्रं काढायला वय लागत नाही. महासतीजींसाठी काही नाही, त्या घेत नाहीत. सोमवारी मला त्यांच्याकडे पायी घेऊन चल, आपल्याला जमेल तेवढं. तुझ्यासाठी एक भिंग आहे, मोठं, दांड्याचं. तुझं अक्षर हल्ली ओळीतून खाली उतरायला लागलंय. सोमेश्वरभावजींच्या फोटोला घालायला चंदनाचा हार आहे, तो मी स्वतः घालीन, तू मधे बोलू नकोस.

आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात अंकितच्या घराची किल्ली राहिली आहे, पिवळ्या दोऱ्यात बांधलेली. ती रजिस्टर पोस्टानं परत पाठव. पाकिटावर शिखाचं नाव घाल, अंकितचं नको. तो ते उघडेल आणि कामावर जायचं सोडून तसाच बसून राहील.

चंचल